पत्रिकेवाली सुविधा आणि उसना लॅपटॉप

नारळाची एक कवड खवून झाली होती आणि दुसरी हातात होती. सोमवार असल्यामुळे नैवेद्य लवकर दाखवायचा होता. तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. सुविधा मांद्र्याहून परत आली होती. एरवी तिची पिशवी उजव्या खांद्याला असते. आज तिने ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"वयनी, ही जरा घे गो," ती म्हणाली.

आदोळीवरून, म्हणजे खवणीच्या पाटावरून, उठून ओल्या हातानेच मी पिशवी घेतली. वजनाने माझा हातच खाली गेला. आत तिचा जुना लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर, माऊस आणि जेवणाचा डबा. डबा रिकामा होता, तरी तेवढं वजन.

"ही तू रोज नेतेस?"

"नेते कसली, ओढते," असं म्हणत ती ओसरीच्या सोप्यावर बसली. उजवा हात डाव्या हाताने उचलून तिने मांडीवर ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. माझा नारळ तसाच राहिला.

सुविधा माझी धाकटी जाऊ. आम्ही हळर्णला एकाच घरात राहतो, सोपो एक आणि चुली दोन. तिचा नवरा रुद्रेश वास्कोला बंदरावर नोकरीला आहे, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. त्यांना मूल नाही. ही गोष्ट मी वहीत कधी लिहिली नव्हती, पण आज लिहिते, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्याकडे लग्नघरात हळद कुटायला, ओटी भरायला, चुडा भरताना जवळ बसायला लेकुरवाळ्या बायकांना पुढे करतात. तोंडावर कुणी काही बोलत नाही. फक्त हळदीचं ताट सुविधाच्या समोरून पुढे जातं. ती ते जाताना बघते आणि हसते. ते हसणं मी खूप वर्षं पाहिलं आहे.

पण त्याच लग्नघरात सगळ्यांच्या आधी बोलावणं जातं ते तिला. कारण लग्नाच्या निमंत्रणाची पत्रिका ती करते.

पत्रिका करणे हे काम बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं सोपं नाही. सगळ्यात वर कुलदेवता, मग ग्रामदेवता, मग घराण्याचा मूळपुरुष. त्याच्याखाली निमंत्रक कोण, थोरला चुलता की मुलीचा बाप. स्वर्गवासी झालेल्यांची नावं आधी की नंतर, मुंबईला जाऊन वीस वर्षं न आलेल्या काकाचं नाव घालायचं की नाही. एक नाव खालीवर झालं तर लग्नात माणसं जेवायला येत नाहीत. म्हणून सुविधा घरी बसून पत्रिका करत नाही. ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी जाते, बाहेरच्या खोलीत मेजावर मांडते आणि सगळं घर तिच्याभोवती बसतं. भांडण तिच्यासमोरच होतं. आवाज चढला की ती त्याच घराण्याच्या मागच्या लग्नाची पत्रिका पडद्यावर उघडते. "मागे असं होतं, बघा," एवढंच म्हणते. भांडण मिटतं. कधी मिटत नाही, पण निदान सगळ्यांना एकच गोष्ट दिसते. मग ती पेडण्याला सगुणबाबच्या छापखान्यात फाइल देते. लग्नाआधी त्याच छापखान्यात बसून ती हे काम शिकली. तिथला पत्रिकेचा जुना प्रोग्राम आणि जुनी मराठी अक्षरं अजून तिच्या लॅपटॉपवर आहेत. लग्नाच्या पत्रिका, जत्रेची पत्रकं, सत्यनारायणाची बोलावणी, दहाव्या-बाराव्याच्या काळ्या चौकटी, सगळं त्यात आहे.

खांदा पावसाळ्यात दुखायला लागला. आधी तिने तेल लावलं, मग शेक घेतला. म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की खांदा धरला आहे आणि मानेची शीरही दबते आहे. या खांद्यावर वजन नको. नाहीतर हात वर जाणार नाही आणि मग माऊसही धरता येणार नाही.

"डॉक्टर म्हणाले, घरी बसून करा काम," सुविधा त्या दिवशी सोप्यावर सांगत होती. "त्यांना सांगायला काय जातं? मी घरी बसले तर मला कोण बोलावणार? म्हापशाचा तो पोरगा टॅब घेऊन गाडीवरून पत्रिका करत फिरतो. मांद्र्याला आज त्याचंच नाव काढलं."

"कोणी?"

"गुरुदासच्या बायकोने. कोमलची पत्रिका अर्धी झाली आणि माझा हा लॅपटॉपचा डबा बंद पडला. चार्जर लावला तरी चालू होईना. सगळे बघत बसले. ती म्हणाली, सुविधाबाय, तुमचं मशीन म्हातारं झालं वाटतं."

गुरुदास म्हणजे मांद्र्याचा, ज्याने घरामागे परदेशी लोकांसाठी खोल्या बांधल्या आहेत. कोमल त्याची मुलगी. गुरुदासच्या मुलांतलं पहिलं लग्न.

मी तिला सोलकढी दिली. तिने वाटी डाव्या हाताने धरली. संध्याकाळी देवाला दिवा लावताना मी तिच्या हातासाठीच बोलले.

रविवारी माझा मुलगा निहार आला. तोही वास्कोला असतो, एका शिपिंग कंपनीत. त्याच्या पाठीवर पातळशी बॅग होती. तिच्यातून त्याने लॅपटॉप काढला आणि एका हाताने सुविधासमोर धरला.

"काकी, उचलून बघ."

तिने भीत भीत डाव्या हाताने घेतला. मग उजव्या हातात घेतला. उजव्या हातानेही तो पेलला. तिचा चेहरा एकदम सैल झाला.

"ह्यात काही आहे की नुसतं झाकण?"

"ह्यात फारसं काहीच नाही, तीच तर गंमत. सगळं वर असतं."

माझे यजमान सदाशिव पेपर वाचत होते. "वर म्हणजे? माळ्यावर?"

"क्लाऊडवर, बाबा. इंटरनेटवर. म्हणून मशीन हलकं. बॅटरी दिवसभर चालते. बंद पडलं, हरवलं, तरी काम जात नाही. दुसऱ्या मशीनवर उघडलं की सगळं जिथल्या तिथे."

"हरवलं तरी जात नाही," सदाशिव म्हणाले. "मग माझा चष्मा पण ठेव बाबा वर."

सुविधा हसली. खूप दिवसांनी तिला मोकळं हसताना पाहिलं. निहारने विचारलं, "काकी, तू त्याच्यावर काय काय करतेस?" ती म्हणाली, "काय करणार, टायपिंग. पत्रिकांचं." त्याने मराठी टायपिंग लावून दिलं. नुसतं बोललं तरी अक्षरं उमटत होती. तिने देवीचं नाव घेतलं आणि ते पडद्यावर आलं, ह्रस्वदीर्घासह बरोबर. तिने हात जोडले.

"आणि माझ्या जुन्या पत्रिका?"

"सगळ्या वर टाकता येतील," निहार म्हणाला.

हे त्याने खोटं सांगितलं नाही. पण वर टाकणं वेगळं आणि उघडणं वेगळं, हे त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो रोज पत्र, तक्ते, हिशेब यांचं काम करतो. पत्रिकेचा प्रोग्राम वेगळा असतो हे त्याला माहीत नाही. आणि ती आयुष्यभर एकाच मशीनवर बसलेली. आपल्या मशीनवर चालतं ते सगळीकडे चालतं, असंच तिला वाटणार. निहार म्हणाला, त्याच्या कचेरीतला एक मित्र असाच लॅपटॉप विकतो आहे. पुढच्या रविवारी तो आणून देतो. आठवडाभर वापरून बघ, पटला तर घे.

आमच्या घरात मोठी गोष्ट कौल घेतल्याशिवाय होत नाही. जमीन, सोयरीक, घराचा पाया, सगळ्याला आधी देवीला विचारायचं. सुविधा म्हणाली, हे माझ्या पोटाचं साधन आहे, मीही विचारणार. मला ते योग्यच वाटलं. सदाशिव, मी आणि ती अशी तिघं देवळात गेलो.

देवीच्या पाषाणाला पाणी लावून त्यावर पाकळ्या चिकटवतात, काही उजव्या अंगाला, काही डाव्या. मग गुरव प्रश्न मोठ्याने सांगतो आणि सगळे गप्प राहून बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. विठू गुरवाने विचारलं, "काय सांगायचां?" सुविधाने खांद्यावरून पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "हा हलका लॅपटॉप घेतला तर माझा खांदा बरा राहील का, एवढंच विचारा."

विठूने तसंच विचारलं. त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच उजवी पाकळी पडली. इतकी लगेच की सदाशिवांनी तिथल्या तिथे नारळ ठेवला. सुविधाच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येताना ती वाटभर बोलत होती. डिचोलीला तिची एक चुलत बहीण आहे. आता तिकडच्याही पत्रिका घेईन, बसने जायला काही वाटणार नाही, असं म्हणत होती.

उसना लॅपटॉप आला. निहारने तिच्या जुन्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या. त्या वर चढवायला त्याला जनेलात, म्हणजे खिडकीपाशी, उभं राहावं लागलं, कारण आमच्याकडे रेंज तिथेच येते आणि तीही मनात असेल तेव्हा. त्या वेळीच काहीतरी बोलायला हवं होतं असं आता वाटतं. पण तो म्हणाला, मांद्र्याला नेट भरपूर आहे, आणि आम्ही गप्प झालो.

मंगळवारी ती मला म्हणाली, "वयनी, तू चल माझ्याबरोबर. तुझा हात लागू दे." मी स्वयंपाक लवकर उरकून गेले.

गुरुदासच्या घरी सगळे जमले होते. गुरुदास, त्याची बायको, कोमल, आणि खुर्चीत गुरुदासची म्हातारी आते. घराण्यात सगळ्यांत वडील तीच. लग्नाच्या गोष्टी तिच्या मानेवर चालतात. मान हलली की पुढे. सुविधाने लॅपटॉप मेजावर ठेवला तेव्हा कोमल म्हणाली, "मावशी, मस्त आहे हो." सुविधाने पदर सावरला. नेट खरोखरच भरभर चालत होतं.

गाडं अडलं ते नेहमीच्याच जागी. कोमलच्या पत्रिकेत निमंत्रक गुरुदास की त्याचा थोरला भाऊ. आते म्हणाली थोरला. गुरुदासची बायको म्हणाली, लग्नाचा सगळा भार कोण उचलतंय? दोघींचे आवाज चढले. सुविधा नेहमीसारखी शांतपणे म्हणाली, "थोरल्यांच्या मुलाच्या लग्नात काय केलं होतं ते बघू या," आणि तिने जुनी पत्रिका उघडायला घेतली.

ती उघडलीच नाही. हा प्रकार इथे चालत नाही, असं काहीतरी पडद्यावर आलं. तिने परत करून पाहिलं, तरी तेच. मग त्याच लग्नाचा नुसता मजकूर वेगळा ठेवलेला होता, तो तिने उघडला. तो उघडला, पण अक्षरं मराठी नव्हती. वर जिथे देवीचं नाव असायचं तिथे इंग्रजी अक्षरं, टक्क्याची खूण, तुटके कंस. त्याखाली घराण्याची सगळी माणसं तशीच मोडलेली. मेलेलीही आणि जिवंतही.

 मागच्या खोल्यांतल्या एका परदेशी बाईचं हसणं ऐकू आलं. मग आते पुढे वाकली.

"ह्यां काय गो? देवीचां नाव असां मोडलेलां?"

"अक्षरं बदलली आहेत, आते," सुविधा म्हणाली. "जुना फॉन्ट ह्या मशीनला कळत नाही."

"मशीनाक कळना, मग लग्नघरात कित्याक आणलां?"

"आते, ती नुसती खूण आहे, त्यात एवढं काय," कोमल म्हणाली. आतेने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुरुदास चांगला माणूस. "होतं असं, नवीन आहे," म्हणाला. त्याच्या बायकोने चहाचे कप उचलले आणि उचलता उचलता हळूच म्हणाली, "त्या म्हापशाच्या पोराला एकदा विचारून ठेवूया ना."

सुविधाने लॅपटॉप मिटला. "गुरुवारी येते," एवढंच म्हणाली.

बसमध्ये ती जनेलाकडे बसली. लॅपटॉप तिच्या मांडीवर होता, त्याचं वजन तिला कळतही नसावं. पेडणे आल्यावर म्हणाली, "देवीने हो म्हटलं होतं ना, वयनी?"

"म्हटलं होतं."

"मग?"

 मी मनात देवीचं नाव घेत बसले.

घरी आल्यावर निहारला फोन लावला. तो पलीकडे डोकं धरून बसला असणार. "काकी, तो प्रोग्राम ह्यात चालणारच नाही. तू सांगितलंस टायपिंग करते."

"तू विचारलंस काय करतेस. मी पत्रिका करते म्हटलं ना."

"मला वाटलं साध्या कागदासारखं."

"साधं असतं तर माझ्याकडे कोण आलं असतं रे?" ती चिडली नव्हती. नुसतं विचारत होती.

त्याने सांगितलं, पत्रिका ह्यावर नव्याने करता येईल, पण जुन्या सगळ्या एकेक करून पुन्हा टाइप कराव्या लागतील. नेट नसेल तिथे अर्ध्याहून जास्त गोष्टी अडतील. हलका असून तिचा प्रोग्राम चालेल असे लॅपटॉपही मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून सदाशिवांनी नुसती मान हलवली आणि ते बोलणं तिथेच संपलं. शिवाय छापखान्यातला तो जुना प्रोग्राम नव्या मशीनवर बसेल की नाही, हे सगुणबाबलाही सांगता आलं नाही. तो म्हणाला, बाय, माझंच मशीन मी बंद करत नाही, परत चालू होईल की नाही म्हणून.

घरात खरा वाद दुसऱ्याच गोष्टीवर झाला. सदाशिव म्हणाले, "कौल मिळालेला आहे. आता लॅपटॉप परत करणं म्हणजे देवीचा शब्द परत करणं. हळूहळू शिकशील त्याच्यावर. पुन्हा टाइप कर सगळं."

"भावोजी, आयुष्य जाईल."

"मग खांदा जाऊ दे?"

त्यावर ती उठून आपल्या चुलीकडे गेली. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी तिच्याकडून ताटलीचा आवाजही आला नाही. मी इकडून भाजी दिली ती तिने घेतली, पण बोलली नाही. मी तुळशीला पाणी घालताना तिच्या दाराकडे बघत होते. मनात भीती होती. देवीचा शब्द टाळला आणि उद्या हात गेला तर सगळे म्हणणार, सांगितलं होतं. आणि शब्द पाळला आणि काम गेलं, तर कुणीच काही म्हणणार नाही. हळदीचं ताट फक्त पुढे जात राहील.

बुधवारी दुपारी ती स्वतःच आली. "वयनी, विठू गुरवाकडे जाऊ या. पुन्हा कौल लावू."

एका गोष्टीसाठी दोनदा कौल लावत नाहीत, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तरी गेलो. विठू देवळाच्या मागे केळीची पानं कापत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मांद्र्याची गोष्टही. मग कोयता खाली ठेवला.

"तोच प्रश्न परत लावचंय नाय," तो म्हणाला. "देवीन जबाब दिलो मां? तुझो खांदो बरो रवतलो म्हणान सांगला. त्यात खोटां काय?"

"पण माझं काम?"

"कामाचां तू विचारलंसच नाय."

 देवीचा कौल चुकीचा नव्हता. आम्ही मागितलं त्याचंच उत्तर मिळालं होतं. आम्ही खांद्याचं विचारलं आणि घरी येऊन कामाचं ऐकलं.

"मग आता कामाचं विचारते," ती म्हणाली.

विठूने मान हलवली, नाही म्हणून. "यंत्र खयचां घेवचां ह्यां तुझां तू ठरव. तुका म्हायत तू काय करतंस, देवीक कशाक तरास? ठरयलंस की ये. आपण सांगणां घालू, असां असां ठरयलां, सांभाळ. सांगण्याक कोण नाय म्हणना."

परत येताना ती हळू चालत होती. आमच्या पायवाटेवर जरा चढ आहे. तिथे थांबून ती मला सांगू लागली, खरं तर स्वतःलाच. लोकांच्या घरी मी काय करते? ऐकते, नावं लिहून घेते, जुनी पत्रिका दाखवते. चौकट, कलश, अक्षरं हे सगळं तिथे करायची गरज आहे का? मी तिथे करते, कारण मी लॅपटॉप नेते. आणि तिथे करते म्हणून लॅपटॉप नेते.

"जुनी पत्रिका दाखवायला तरी लागेल ना लॅपटॉप," मी म्हटलं.

"छापलेली आहे की. प्रत्येकीची एकेक प्रत मी ठेवली आहे, पेटीत." ती थांबली. "वयनी, मला हलका लॅपटॉप नकोच आहे बहुतेक. मला लॅपटॉप न्यायलाच नकोय. तो म्हातारा घरीच राहू दे, मेजावर, चार्जर लावून. मी कागद घेऊन जाईन, आणि झालेलं फोनवर पाठवीन."

मला ते पटलं. पण तिचा चेहरा काही हलका झाला नव्हता. तिलाही ठाऊक होतं की पडद्यावर आपलं नाव उमटताना बघायला घर जमतं, तिच्याभोवती बसतं. कागद घेऊन आलेल्या बाईभोवती बसतील का? आणि म्हापशाच्या पोराकडे पडदा आहेच.

सदाशिवांना सांगितलं. त्यांना आवडलं नाही. "देवीने हो म्हटलेली वस्तू परत पाठवणार," एवढंच ते दोनदा म्हणाले आणि जेवायला बसले.  सांगणं घालायला ते येणार का, ते मी विचारलं नाही.

आज गुरुवार. ती एकटीच मांद्र्याला गेली, खांद्याला एक कापडी पिशवी, तीही डाव्या. मी दुपारभर वाट बघत होते. चारच्या सुमारास आली.

"काय म्हणाले?"

"आतेने जुनी पत्रिका हातात घेतली. डोळ्याला लावली आधी. मग कोमलकडून सगळी नावं वाचून घेतली." सुविधा सोप्यावर बसली. "निमंत्रक थोरलाच ठरला. गुरुदासची बायको रागावली आहे. चहा तिने नाही आणला, कोमलने आणला."

"म्हणजे झालं की काम."

"झालं कुठे? ती म्हणाली, आम्हाला पडद्यावर दिसू दे, मग ठरवू. शनिवारी त्या पोरालाही बोलावलं आहे. दोघांचंही बघणार म्हणे." ती पायाचा अंगठा चोळत बसली. "आजवर मी गेले की चुलीजवळून सगळ्या बायका उठून यायच्या. आज दोघीच आल्या."

  थोड्या वेळाने ती उठून आत गेली, जुना लॅपटॉप लावायला, शनिवारच्या आत पत्रिका करून पाठवायची म्हणून. मी दिवाबत्तीची तयारी करत होते. तिने आतून हाक मारली. मी गेले तर पडदा काळा. चार्जर हलवला की उजेड यायचा आणि लगेच जायचा. अर्धी चौकट झाली होती, ती गेली.

तिने निहारला फोन केला. तो म्हणाला, बॅटरी पूर्ण गेली असणार, म्हणून चार्जर जरा हलला तरी मशीन बंद पडतं. नवी घालून घे, पण जुन्या फायली मी वर ठेवल्या आहेत तशाच राहू देतो. ह्या मशीनला काही झालं तर निदान त्या कुठेतरी असतील. "उघडल्या नाहीत तरी हरवणार नाहीत, काकी." तिने "बरं" म्हटलं. उसना लॅपटॉप तिने टॉवेलात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवला आहे. निहार रविवारी आला की नेईल. ठेवताना तिने तो पुन्हा एकदा उजव्या हातात उचलून पाहिला आणि मग कपाट लावलं.

देवी, तिचा हात तू सांभाळ. आम्ही तुझा शब्द मोडलेला नाही, एवढं समजून घे. सांगणं सोमवारी घालू, सदाशिव आले तर त्यांच्यासह, नाहीतर आम्ही दोघी.

लॅपटॉप अडल्याचं आणि परत करायचं ठरल्याचं रुद्रेशला तिने अजून सांगितलेलं नाही. शनिवारी तो येईल तेव्हा सांगते म्हणाली.

उद्या शुक्रवार. सकाळच्या बसने म्हापशाला जाऊन सुविधाच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी बदलून आणायची.